मॉनिटरवरचा इंजिनिअर: ज्याच्या पट्ट्यावर सगळं जहाज श्वास घेत होतं

प्रश्न असा आहे: युद्धकाळात चिलखती जहाजावर इंजिनिअरचा रोजचा दिवस कसा जायचा? लढायांची वर्णनं सगळीकडे सापडतात, पण खाली यंत्रापाशी उभा असलेला माणूस चोवीस तास करायचा काय?

मी नौदलात इंजिन रूम आर्टिफिसर, म्हणजे यंत्रं चालवणारा आणि दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, होतो. लोणावळ्याला आयएनएस शिवाजीत शिकलो आणि पुढे माझगाव गोदीत बांधलेल्या वाफेवरच्या फ्रिगेटींवर बॉयलर रूममध्ये आणि इंजिन रूममध्ये नोकरी केली. चिलखती जहाजं अनेक देशांनी बांधली, त्या सगळ्यांबद्दल मोघम लिहिण्यापेक्षा मी एकच जहाज घेतो: अमेरिकन यादवी युद्धातलं, उत्तरेच्या बाजूचं 'मॉनिटर', साल १८६२. त्यावरच्या लोकांची पत्रं आणि अहवाल शिल्लक आहेत, यंत्रसुद्धा समुद्रातून वर काढलेलं आहे. आणि इंजिनिअरच्या आयुष्याबद्दल जे सांगण्यासारखं आहे ते सगळं या एका जहाजात दिसतं.

आधी जहाज समजून घ्या. जॉन एरिक्सन या स्वीडनमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरने त्याची रचना केली. ब्रुकलिनच्या ग्रीनपॉइंटला २५ ऑक्टोबर १८६१ रोजी कील, म्हणजे जहाजाचा कणा, बसली, ३० जानेवारी १८६२ ला जहाज पाण्यात उतरलं आणि २५ फेब्रुवारीला नौदलात दाखल झालं. चार महिन्यांत. डेक पाण्यापासून जेमतेम दीड फूट वर, मध्यभागी आतून २० फूट व्यासाचा आणि ९ फूट उंचीचा फिरता लोखंडी बुरूज, म्हणजे टरेट. त्याची भिंत एकेक इंच जाडीच्या आठ पत्र्यांची आणि आत ११ इंची डालग्रेन तोफा दोन. पुढे एक छोटं पायलट हाऊस. बाकी सगळं जहाज पाण्याच्या पातळीखाली. माणसं, स्वयंपाक, कोळसा, बॉयलर, इंजिन, सगळं.

हे 'पाण्याखाली' प्रकरण इंजिनिअरच्या नजरेने पाहायला हवं. साध्या आगबोटीला उंच धुराडं असतं. गरम धूर वर चढतो आणि त्याच्या ओढीने भट्टीत ताजी हवा येते. फट बंद नसली की आग आपोआप जळते. मॉनिटरला उंच धुराडं नव्हतंच. प्रवासात डेकवर सहा फुटांची दोन काढती धुराडी बसवायची आणि लढाईच्या आधी उतरवून ठेवायची. मग धूर डेकमधल्या जाळीतून बाहेर. हवा आत यायला मागच्या बाजूला चार फुटांच्या दोन नळ्या. एवढ्याने आगीला ओढ मिळत नाही. म्हणून खाली वाफेवर चालणारे दोन मोठे ब्लोअर, म्हणजे पंखे, बसवले होते. ते बाहेरची हवा खेचायचे. हीच हवा माणसांच्या खोल्यांत जायची आणि हीच शेवटी भट्टीला मिळायची. ब्लोअर फिरवायला कातड्याचे पट्टे होते.

आता साखळी पाहा. पट्टा चालला तर ब्लोअर. ब्लोअर चालला तर आगीला हवा. आगीला हवा तर वाफ. वाफ असली तर इंजिन, पंप, टरेट आणि पुन्हा ब्लोअर. यात कुठेही पर्यायी रस्ता नाही. आमच्या फ्रिगेटीवर फोर्स्ड ड्राफ्ट ब्लोअर बंद पडला तर बॉयलरची आग तात्काळ तोडायची हे पहिल्या महिन्यात डोक्यात भरवलं जायचं, पण आमच्याकडे डिझेल जनरेटर, वेगळे पंप होते. मॉनिटरवरच्या इंजिनिअरकडे तो पट्टा होता. त्याचा प्रत्येक दिवस त्या पट्ट्याच्या आवाजावर कान ठेवून जात असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

इंजिन विभागाचा प्रमुख होता आयझॅक न्यूटन. हो, नाव तेच. हुद्दा फर्स्ट असिस्टंट इंजिनिअर. त्याच्या हाताखाली आणखी तीन असिस्टंट इंजिनिअर, मग फायरमन आणि कोळसा ओढणारे. आपल्याकडे मुंबईच्या आगबोटींवर फायरमनला आगवाला म्हणत, काम तेच. संपूर्ण जहाजावर सगळे मिळून साठेक माणसं.

वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार तासांचा. वॉच घेताना काय पाहायचं हे गेल्या दीडशे वर्षांत फारसं बदललेलं नाही. पहिली नजर बॉयलरच्या पाण्याच्या पातळीवर. दाब नंतर, पाणी आधी. पाणी खाली गेलं आणि भट्टीचा माथा उघडा पडला तर लोखंड लाल होऊन बसतं आणि मग जे होतं ते सांगायला कोणी उरत नाही. त्या काळी बॉयलरचा दाब आजच्या मानाने अगदी कमी, चौरस इंचाला वीस-तीस पौंडांच्या घरात. आमच्याकडे तो साडेपाचशेच्या आसपास असायचा. पण कमी दाब म्हणजे निर्धास्त काम असं समजू नका. बहुतेक जहाजांत बॉयलरमध्ये समुद्राचंच पाणी जायचं. वाफ निघून जाते, मीठ मागे उरतं. पाणी खारट होत जातं आणि नळ्यांवर कडक थर धरतो. म्हणून दर थोड्या वेळाने बॉयलरचं पाणी काढून त्याची घनता मोजायची, मर्यादेबाहेर गेली की खालचा कॉक उघडून थोडं पाणी समुद्रात सोडायचं आणि तेवढंच ताजं भरायचं. सोडलेल्या पाण्याबरोबर त्यात घातलेला कोळशाचा ताव पण वाया जातो. किती सोडायचं हा इंजिनिअरचा निर्णय, आणि तो दर वॉचला अनेकदा घ्यायचा.

मग आग. अमेरिकन नौदल अँथ्रासाइट कोळसा वापरायचं. कडक, चकचकीत, धूर कमी. शत्रूला लांबून दिसू नये म्हणून उत्तम, पण पेटवायला हट्टी आणि जोरदार हवेशिवाय न जळणारा. वरून सळईने ढवळलं तर आग मरते, त्याला खालून, जाळीतून मोकळं करावं लागतं. भट्टीचं दार जितका वेळ उघडं तितकी थंड हवा आत. चांगला फायरमन दार उघडतो, चार-पाच फावडी नेमक्या जागी पसरवतो आणि दार बंद. हे सगळं करताना तोंडावर भट्टी आणि पायाखाली हलणारी लोखंडी पट्टी. क्लिंकर, म्हणजे राख वितळून झालेला कडक गोळा, फोडून बाहेर ओढायचा, राख विझवायची, बादल्यांतून बाहेर काढायची.

इंजिनपाशी वेगळं काम. मॉनिटरचं इंजिन एरिक्सनने खास बुटकं केलं होतं. जहाजात आडवं ठेवलेलं एकच मोठं सिलिंडर, मधोमध भिंत घालून दोन भाग केलेलं, दोन पिस्टन समोरासमोर, आणि लांब दांडे झुलवून शाफ्टला फिरवणारी रचना. उंची कमी, म्हणून सगळं यंत्र पाण्याखाली सुरक्षित. पण झुलणारे दांडे म्हणजे हलणारे सांधे जास्त, आणि प्रत्येक सांध्याला तेल हवं. वंगण आपोआप पोचवणारा पंप नव्हता. इंजिनिअर किंवा त्याचा माणूस हातात तेलाची झारी घेऊन फिरत्या यंत्रात वाकायचा. सिलिंडरला चरबी, दांडे जिथून बाहेर येतात त्या ग्लँडला चरबीत बुडवलेलं तागाचं पॅकिंग. बेअरिंग तापलंय का हे पाहायला हात. क्रँक वर येतो, पुढे जातो, त्या लयीत तळवा टेकवायचा आणि काढायचा. हे मी स्वतः केलं आहे, हळू फिरणाऱ्या शाफ्टवर. पहिल्यांदा भीती वाटते, मग हात लय शिकतो. बोट ठेवून दोन क्षण सहन झालं तर ठीक, चटका बसला तर वेग कमी करा, तेल वाढवा, पाणी मारा. हे नियम थर्मामीटर आल्यावरसुद्धा टिकून राहिले, कारण हात थर्मामीटरच्या आधी सांगतो.

तासातासाला नोंद: वाफेचा दाब, फेरे, वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरमधली निर्वात स्थिती, कोळसा किती. ही वही नीट ठेवणारा इंजिनिअर बिघाड होण्याच्या दोन दिवस आधी तो ओळखतो.

उष्णतेबद्दल लोक विचारतातच. जॉर्ज गीअर नावाचा फर्स्ट क्लास फायरमन मॉनिटरवर होता. पुढे इंजिनिअरिंग स्टोअर त्याच्या ताब्यात आलं. त्याने बायकोला, मार्थाला लिहिलेली पत्रं टिकली आहेत. १८६२ च्या उन्हाळ्यात त्याने जहाजात ठिकठिकाणी तापमान मोजलं: इंजिन रूममध्ये १२५ अंश फॅरनहाइटच्या वर आणि भटारखान्यात १५० च्याही वर. म्हणजे आपल्या मापात ५२ आणि ६५ च्या पुढे. भटारखाना इंजिनच्याच बाजूच्या भागात कोंबलेला, म्हणून आचाऱ्याची स्थिती फायरमनपेक्षा वाईट. त्यात व्हर्जिनियाची जेम्स नदी, जुलै महिना, वरून लोखंडी डेक तापलेला, नदीकाठचे डास आणि माश्या. मुंबईच्या मे महिन्यात बंदराला लागलेल्या जहाजाच्या बॉयलर रूममध्ये ज्याने काम केलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक इतकाच की आम्हाला वॉच संपला की वर मोकळ्या डेकवर येता यायचं. मॉनिटरवर शत्रूचे नेमबाज काठावर असले की डेकवर येणंसुद्धा जिवावर बेतायचं.

अधिकाऱ्यांच्या खोल्या मात्र नीटनेटक्या होत्या. एरिक्सनने स्वतःच्या खर्चाने काळ्या अक्रोडाच्या लाकडाचं काम करून घेतलं होतं. प्रकाश डेकमध्ये बसवलेल्या जाड काचांतून यायचा. लाट वरून गेली की खोलीत हिरवा उजेड पडायचा. लढाईत त्या काचांवर लोखंडी झाकणं, मग दिवसा पण दिवे. संडास पाण्याच्या पातळीखाली असल्यामुळे त्यालासुद्धा झडपा आणि पंप होते. झडपा ठरलेल्या क्रमाने उघडायच्या-लावायच्या, क्रम चुकला तर समुद्र आत. म्हणजे शौचालयाची जबाबदारी पण इंजिनिअरच्याच माथी.

आता तो पट्टा.

६ मार्च १८६२ ला मॉनिटर न्यूयॉर्कहून सेथ लो नावाच्या टगच्या, म्हणजे जहाज ओढणाऱ्या बोटीच्या, मागे दोरखंडाने बांधून दक्षिणेला निघालं. दुसऱ्या दिवशी समुद्र खवळला. टरेट डेकवरच्या पितळी कड्यावर स्वतःच्या वजनाने बसून पाणी अडवेल अशी एरिक्सनची रचना होती. पण निघण्याआधी गोदीतल्या लोकांनी टरेट उचलून त्याखाली ताग ठासला होता. लाटांनी तो ताग धुऊन नेला आणि टरेटभोवतीच्या फटीतून पाणी धबधब्यासारखं खाली यायला लागलं. ते एक वेळ चाललं असतं. खरा घाव हवेच्या नळ्यांतून आला. चार फुटांच्या नळ्यांवरून लाटा जायला लागल्या आणि पाणी थेट ब्लोअरवर पडलं. ओला कातडी पट्टा ताणला जातो, पुलीवर घसरतो. घसरले, आणि मग तुटले.

पुढचं मी माझ्या अनुभवाच्या आधाराने सांगतो, म्हणजे नेमकं काय झालं ते कळेल. ब्लोअर थांबले, आगीला हवा नाही. अँथ्रासाइट अर्धवट जळायला लागला आणि धुराड्यातून वर जायला ओढ नसल्याने कार्बन मोनॉक्साइड भट्टीच्या दारांतून इंजिन रूममध्ये उलट आला. या वायूला वास नाही. माणसाला डोकं जड वाटतं, गुडघे जातात आणि तो पडतो. न्यूटन आणि त्याचे लोक पट्टे दुरुस्त करायला आत होते. पट्टा जोडायचा म्हणजे दोन टोकं शिवायची, पुलीवर चढवायचा, ताण द्यायचा. काळोखात, डोलणाऱ्या जहाजात, पायाखाली पाणी, आणि प्रत्येक श्वासाबरोबर विष. एकेक जण कोसळला. बाकीच्यांनी त्यांना ओढून टरेटच्या माथ्यावर, मोकळ्या हवेत नेऊन ठेवलं. पेमास्टर विल्यम कीलर हा पगार-हिशेबाचा माणूस, त्याचं यंत्राशी काही देणंघेणं नाही, पण तोही आत शिरला आणि लोकांना बाहेर काढायला धावला. त्याची पत्रं वाचली तर इंजिनिअरांचे काळे, ओले, रक्त आटलेले चेहरे डोळ्यांसमोर येतात.

वाफ गेली म्हणून वाफेचे पंप गेले. हातपंप लावले, पण पाणी बाहेर टाकायला मोकळी जागा एकच, टरेटचा माथा, आणि तिथपर्यंत पाणी चढवण्याची ताकद हातपंपात नव्हती. मग बादल्यांची रांग लावली. त्याने पाणी कमी झालं असं नाही, माणसांच्या हाताला काम मिळालं. नशिबाने टगमध्ये ताकद होती. त्याने जहाज किनाऱ्याकडच्या शांत पाण्यात ओढलं, वायू निघून गेला, पट्टे चढले आणि रात्री आठच्या सुमारास इंजिन पुन्हा सुरू झालं. मध्यरात्रीनंतर परत समुद्र चढला, परत तीच धास्ती. ज्यांना दुपारी बेशुद्ध अवस्थेत वर नेलं होतं त्यांनीच रात्री वॉच केला.

आणि ८ मार्चच्या रात्री हॅम्प्टन रोड्स या बंदरात पोचून ९ मार्चच्या सकाळी हेच लोक लढाईला उभे राहिले. इतिहासाच्या पुस्तकांत ९ मार्चची लढाई मोठी असते. माझ्या लेखी त्या जहाजाची खरी लढाई ७ मार्चची.

९ तारखेला समोर होतं 'व्हर्जिनिया', म्हणजे दक्षिणेच्या राज्यांनी जुन्या 'मेरिमॅक' फ्रिगेटीवर लोखंड चढवून बनवलेलं जहाज. मॉनिटरच्या टरेटमध्ये होता अल्बन स्टाइमर्स. हा हुद्द्याने चीफ इंजिनिअर, न्यूटनपेक्षा वरचा, पण जहाजाच्या नोकरवर्गात तो नव्हताच. बांधणीवर देखरेख करायला नेमला होता आणि यंत्र कसं चालतं ते पाहायला बरोबर आला होता. टरेट फिरवायला खाली वाफेची दोन छोटी डॉन्की इंजिनं आणि दातेरी चाकं. फेब्रुवारीतल्या चाचणीत टरेटने एक फेरी २२.५ सेकंदांत घेतली होती. सुमारे १२० टनांचा लोखंडी डबा आधी पाचर ठोकून मधल्या खांबावर उचलायचा आणि मग फिरवायचा. समुद्रप्रवासात खारं पाणी शिरून सगळं गंजलेलं. सुरू करायला जड, आणि सुरू झालं की थांबवायला त्याहून जड. नेम ओलांडला की इंजिन उलटं करा किंवा पूर्ण फेरी मारा. ज्याने जड यंत्राला वाफेच्या झडपेवर थांबवलं आहे त्याला कळेल की झडप बंद केल्यावर वाफ लगेच मरत नाही, नळीत उरलेली वाफ ढकलतच राहते. ते कधी बंद करायचं हे अंगात भिनावं लागतं आणि स्टाइमर्सला ते काही तासांत शिकावं लागलं. शेवटी फिरत्या टरेटमधून, नेम दिसेल त्या क्षणी तोफ डागायची असं ठरलं. टरेटमधली दिशा कळायला डेकवर काढलेल्या पांढऱ्या खुणा लवकरच पुसल्या गेल्या. पायलट हाऊसपर्यंत बोलायची नळी तुटली, म्हणून कीलर आणि आणखी एक जण धावत निरोप पोचवत होते.

समोरच्या जहाजात व्हर्जिनियाचा चीफ इंजिनिअर ॲश्टन रॅमसे. युद्धाआधी हाच रॅमसे याच मेरिमॅकवर स्टाइमर्सच्या हाताखाली काम करत होता. दोघांना त्या इंजिनची प्रत्येक खोड माहीत. ते इंजिन आधीच निकामी ठरवून दुरुस्तीला काढलेलं, त्यात १८६१ च्या एप्रिलमध्ये नॉरफोकला जहाज जाळून बुडवलं तेव्हा पाण्याखाली गेलेलं. ते उपसून रॅमसेने चालवलं. जहाजाचा वेग जेमतेम पाच-सहा नॉट आणि वळायला अर्धा तास. लढाईत ते चिखलात रुतलं. मॉनिटर जवळ येऊन डागतंय, आणि कोळसा जळत गेल्यामुळे हलकं झालेलं जहाज वर उचललं जाऊन त्याचा चिलखत नसलेला भाग उघडा पडतोय. रॅमसेने सेफ्टी व्हॉल्व्ह, म्हणजे जास्तीची वाफ सोडणाऱ्या झडपा, दोरीने बांधून टाकले. भट्टीत तेलात भिजलेला कापसाचा चोथा, लाकडाच्या चिपा, कोळशापेक्षा लवकर पेटेल ते सगळं टाकलं. बराच वेळ जहाज हललं नाही, मग सुटलं.

सेफ्टी व्हॉल्व्ह बांधणं हे कोणत्याही बॉयलरवाल्याला पाप वाटतं. मलाही वाटतं. पण त्या क्षणी त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं, आणि बॉयलर किती सहन करेल याचा अंदाज त्या जहाजात त्याच्याइतका कुणालाच नव्हता. ज्याने ते यंत्र चिखलातून काढून उभं केलं त्यानेच तो निर्णय घ्यावा, यात मला न्याय दिसतो.

लढाई सुमारे चार तास चालली आणि कोणीच बुडालं नाही. मग मॉनिटरवर सुरू झालं ते खरं रोजचं आयुष्य: वाट पाहणं. व्हर्जिनिया केव्हाही परत येईल म्हणून आग दाबून, वाफ तयार ठेवून थांबायचं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं जहाज नांगरावर आहे म्हणजे इंजिनिअरला आराम. उलट. चालत्या जहाजापेक्षा उभ्या जहाजात वाफ टिकवणं किचकट. दाबलेल्या आगीत राख साचते, बॉयलर एका बाजूने थंड पडतो, सांधे गळायला लागतात. थांबलेल्या यंत्रात गंज शिरतो. ब्लोअर मात्र चालूच हवे, नाहीतर माणसांना हवा नाही. म्हणजे झोपलेल्या जहाजातही एक इंजिनिअर, एक फायरमन जागा. ११ मे ला दक्षिणेच्या लोकांनी व्हर्जिनिया स्वतःच पेटवून उडवून दिलं. तरी मॉनिटरच्या लोकांचा उन्हाळा जेम्स नदीत गेला, तो मी वर सांगितला तसा.

इंजिनिअरच्या मानाबद्दलही विचारणारे विचारतात. त्या काळच्या अमेरिकन नौदलात इंजिनिअर 'स्टाफ' मध्ये मोडायचा. जहाजावर हुकूम चालवायचा अधिकार त्याला नाही. डेकवरचा तरुण अधिकारी, ज्याला भट्टीचं दार कुठे आहे ते ठाऊक नाही, तो पदाने वरचढ. शिडाच्या जहाजांवर वाढलेल्या कप्तानांना इंजिनिअर म्हणजे तेलकट हातांचा कारागीर वाटायचा. हा भेद कायद्याने मिटायला १८९९ साल उजाडलं, तेव्हा इंजिनिअर कोअर जहाजावर हुकूम चालवणाऱ्या लाइन अधिकाऱ्यांत विलीन झाला. मॉनिटरवर हा भेद विशेष खटकतो, कारण तिथे कप्तान जहाजाला दिशा देत होता खरा, पण दिशा घ्यायला जहाज जिवंत ठेवत होते ते चार इंजिनिअर.

शेवट डिसेंबरात झाला. वॉशिंग्टनच्या गोदीत दुरुस्ती होऊन उंच धुराडं आणि हवेच्या नळ्या बसवल्या गेल्या होत्या. २९ डिसेंबर १८६२ ला 'ऱ्होड आयलंड' या जहाजाच्या मागे मॉनिटर पुन्हा दक्षिणेला निघालं. ३० च्या रात्री केप हॅटरसपाशी वादळ. टरेटखाली परत ताग ठासला होता, तो परत वाहून गेला. या वेळी इंजिन रूममध्ये होता सेकंड असिस्टंट इंजिनिअर जोसेफ वॉटर्स. न्यूटन जहाजावर नव्हता.

वॉटर्सने त्या रात्री केलं ते मला यंत्रशास्त्राच्या दृष्टीने अगदी बरोबर वाटतं. आधी नेहमीचे पंप. पाणी चढतंय म्हणताच मोठा सेंट्रिफ्युगल पंप सुरू केला. तो मिनिटाला हजारो गॅलन फेकायचा आणि काही वेळ पाणी उतरल्यासारखं वाटलं. पण वाफ एकच, मागणारे अनेक: प्रोपेलर, ब्लोअर, पंप. कोळसा ओला, आग मंद, दाब उतरतोय. तेव्हा मुख्य इंजिन मंद करून आणि शेवटी थांबवून सगळी वाफ पंपांना दिली. बुडणाऱ्या जहाजात चालण्यापेक्षा उपसणं महत्त्वाचं. पण पाणी राखेच्या खणात चढलं, मग जाळीला लागलं. भट्टीच्या खालून पाणी आलं की आगीला काही उरत नाही. वाफ संपली, पंप थांबले. वर टरेटवर लाल कंदील चढवला होता. ३१ डिसेंबरला पहाटे एकच्या सुमारास जहाज गेलं. सोळा माणसं गेली, त्यांत चार अधिकारी, आणि त्या चारांत दोन थर्ड असिस्टंट इंजिनिअर, रॉबिन्सन हँड्स आणि सॅम्युएल लुइस. लुइस समुद्र लागून खोलीत आजारी पडलेला होता. वॉटर्स वाचला.

म्हणजे १८६२ च्या मार्चमध्ये आणि डिसेंबरमध्ये या जहाजावर बेतलं ते शत्रूच्या गोळ्यामुळे नव्हे. दोन्ही वेळा भोकं पाण्याच्या फार जवळ होती. टरेटखालची फट, आणि मार्चमध्ये हवेच्या नळ्याही. चूक आकाराची होती.

आणि इथे मुंबईचा संबंध येतो, जो आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. १८७० मध्ये इंग्लंडमध्ये दोन टरेटजहाजं खास मुंबई बंदराच्या संरक्षणासाठी बांधली गेली, 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया'. दोन्ही मॉनिटरच्या वंशातली, डेक पाण्यालगत. पण ब्रिटिश जहाजरचनाकार एडवर्ड रीडच्या रचनेत डेकच्या मध्यभागी एक चिलखती कठडा उभा केला होता आणि टरेट, धुराडं, हवेच्या नळ्या, उतरायच्या वाटा सगळ्या त्या कठड्याच्या आत, पाण्यापासून कितीतरी उंच. ज्या भोकांतून मॉनिटरमध्ये समुद्र शिरला ती सगळी भोकं वर उचलली. ही जहाजं मुंबईत होती आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकली गेली. त्यांच्या बॉयलर रूममध्ये काम करणाऱ्याला उकाडा मॉनिटरइतकाच सोसावा लागला असणार, मुंबईचीच हवा ती. पण लाट आली म्हणून ब्लोअरचा पट्टा भिजणार नाही एवढी सोय त्याला मिळाली होती.

ज्यांना प्रत्यक्ष पाहायचं असेल त्यांच्यासाठी: मॉनिटरचे अवशेष १९७३ मध्ये केप हॅटरसजवळ सुमारे २३० फूट खोल पाण्यात सापडले. जहाज उलटं होऊन टरेटवरच पडलेलं होतं. १९९८ मध्ये प्रोपेलर, २००१ मध्ये इंजिन आणि २००२ मध्ये टरेट वर काढलं. टरेटमध्ये दोन खलाशांचे सांगाडे होते, त्यांना ८ मार्च २०१३ रोजी आर्लिंग्टनच्या लष्करी दफनभूमीत दफन केलं. वर काढलेलं बाकी सगळं व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूजच्या मरिनर्स म्युझियममध्ये आहे. इंजिन टाकीत ठेवून, विजेच्या साहाय्याने त्यातलं मीठ वर्षानुवर्षं बाहेर काढलं जातंय. तिथे गेलात तर टरेटपाशी गर्दी असेल. तुम्ही आधी इंजिनच्या टाकीपाशी जा आणि ते दांडे किती दाटीत बसवलेत ते नीट पाहा. माणूस झारी घेऊन नेमका कुठे वाकत असेल ते कळेल.